गाडी अडली तेव्हा बातमी झाली

बदलापूर पूर्वेच्या एका नामांकित शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाला, तो ऑगस्ट २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात अकरा-बारा तास ताटकळत बसावं लागलं. १६ ऑगस्टच्या रात्री गुन्हा नोंदला गेला आणि १७ ला शाळेत साफसफाईचं काम करणाऱ्या अक्षय शिंदे या कंत्राटी कामगाराला अटक झाली. पुढे ज्या गोष्टींवरून सरकारला धाप लागली, त्या सगळ्या १७ तारखेपर्यंत घडून गेल्या होत्या. तरीही देशभरच्या पडद्यांवर बदलापूर उमटलं ते २० तारखेला, माणसं रुळांवर उतरली आणि लोकल थांबल्या तेव्हा. मधले तीन दिवस ही स्थानिक बातमी होती. वाहिन्यांवर तेव्हा कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरचा खून गाजत होता.

या प्रकरणाचा इतिहास सांगायचा तर दोन कालक्रम शेजारी शेजारी मांडावे लागतात. एक घडलेल्या गोष्टींचा आणि दुसरा त्यांच्या बातम्यांचा. ते दोन्ही फारसे जुळत नाहीत, आणि या न जुळण्याला इथे जुनी परंपरा आहे.

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं ओळीने लागतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेलं उल्हासनगर. अकराव्या शतकातलं शिवमंदिर आणि आयुध निर्माणी यांच्यामध्ये वाढलेलं अंबरनाथ. आणि मुंबई-ठाण्यात घर परवडत नाही म्हणून नोकरदारांनी गाठलेलं बदलापूर. २०११ च्या जनगणनेत या तिन्ही शहरांची मिळून लोकसंख्या नऊ लाखांच्या वर होती. एवढी माणसं राहतात त्या भागात पाणी, कचरा, शाळा, रस्ते यांच्या बातम्या रोजच्या रोज तयार होतात; पण मुंबईच्या वृत्तकक्षात या पट्ट्याची आठवण होते ती काहीतरी अडलं, बुडालं किंवा गोळी सुटली की. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं, तेव्हा हा भाग दिवसभर पडद्यावर होता. एप्रिल २०२१ मध्ये वांगणी स्टेशनात एका पॉइंट्समनने रुळावर पडलेल्या मुलाला भरधाव गाडीपुढून उचललं, तेव्हा सीसीटीव्हीतलं ते चित्रण जगभर फिरलं. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या आणि दाखवण्याजोग्याही. मात्र कॅमेरे परतले की पट्टाही नकाशावरून पुसला जाई.

राजकारणाची बातमी तर इथे नेहमी एका माणसाच्या नावाने ओळखली गेली. सुरेश ऊर्फ पप्पू कलानी १९८६ मध्ये उल्हासनगरचे नगराध्यक्ष झाले आणि १९९० मध्ये काँग्रेसचे आमदार. त्याच १९९० साली मतदानाच्या दिवशी कलानींचे विरोधक घनश्याम भतीजा यांचा खून झाला आणि दोन महिन्यांत त्यांचे भाऊ इंदर यांचाही, पोलीस संरक्षण असताना. कलानी पुढे टाडाखाली पकडले गेले आणि सुमारे नऊ वर्षं तुरुंगात राहिले. त्या काळात मुंबईच्या वर्तमानपत्रांत उल्हासनगर म्हणजे कलानी असं समीकरणच रूढ झालं होतं. गोपीनाथ मुंडे यांनी राजकारणाच्या गुन्हेगारीकरणाविरुद्ध राज्यभर रान उठवलं, १९९५ मध्ये सत्तापालट झाला आणि त्यात या मोहिमेचा वाटा मोठा मानला गेला. गंमत म्हणजे त्याच निवडणुकीत उल्हासनगरने तुरुंगातल्या कलानींना अपक्ष म्हणून निवडून दिलं, आणि १९९९ मध्ये पुन्हा दिलं. इंदर भतीजा खून खटल्यात त्यांना जन्मठेप झाली ती डिसेंबर २०१३ मध्ये, घटनेनंतर तेवीस वर्षांनी.

मतदारांनी असं का केलं, याचं उत्तर दहशतीत आहे, जमातीच्या राजकारणात आहे आणि अनधिकृत बांधकामांना मिळणाऱ्या अभयातही आहे. 'डॉन'ची गोष्ट खपत असताना त्या उत्तराच्या मागे जाण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही. बातमीने उभा केलेला खलनायक आणि मतपेटीतून निघालेला निकाल यांच्यातली ती दरी आपण पुन्हा पाहणार आहोत.

२०२४ च्या सुरुवातीलाच बदलापूरच्या वार्तांकनाची रंगीत तालीम झाली. २ फेब्रुवारीच्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, कल्याण पूर्वचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाच्या शिवसेनेचे महेश गायकवाड आणि त्यांच्या साथीदारावर गोळ्या झाडल्या. वाद जमिनीचा होता. गोळीबार झाल्यावर आमदारांनी एका मराठी वृत्तवाहिनीला फोनवरून आपली बाजू सांगितली: आपल्या मुलाला ठाण्याच्या आवारात मारहाण होत होती, म्हणून आपण गोळी झाडली. शिवाय मुख्यमंत्र्यांवर आरोपही केले. दुसऱ्या दिवसापासून दालनातलं सीसीटीव्ही चित्रण घराघरांत दिसू लागलं. खुर्चीवरून उठणारा माणूस, रोखलेलं पिस्तूल, पडलेले दोघे. जबाब पोलिसांआधी वाहिनीकडे आणि पुरावा न्यायालयाआधी प्रेक्षकांकडे, असा हा नवा क्रम होता. सत्तेतल्या दोन मित्रपक्षांत गोळीबारापर्यंत वेळ का आली, या भागातल्या जमिनींचे व्यवहार कुणाच्या हातात आहेत, हे प्रश्न चित्रणाच्या आवर्तनांखाली दबून गेले.

आणखी एक पार्श्वभूमी लक्षात घ्यायला हवी. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिकांची शेवटची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली होती, उल्हासनगर महापालिकेची २०१७ मध्ये. मुदती संपल्या आणि तिन्ही ठिकाणी प्रशासक बसले. ऑगस्ट २०२४ मध्ये या पट्ट्यात एकही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता. पोलीस ठाण्यात ताटकळलेल्या पालकाने ज्याच्या दारावर थाप मारायची, तो अधिकृत माणूसच नव्हता. राहिले माजी, भावी आणि इच्छुक. लोकल अडवणं हा हताश लोकांचा शेवटचा उपाय असतो, असं म्हणतात. बदलापुरात मधले सगळे उपाय आधीच गळून पडले होते.

२० ऑगस्टच्या सकाळी आधी शाळेच्या दारात गर्दी जमली. थोड्या वेळाने ती स्टेशनकडे वळली आणि रुळांवर बसली. दिवसभर लोकल बंद राहिल्या, लांब पल्ल्याच्या गाड्या कर्जत-पनवेलमार्गे वळवाव्या लागल्या. गर्दीची मागणी एकच होती: आरोपीला फाशी द्या, आत्ताच द्या. मंत्री गिरीश महाजन समजूत घालायला आले, जमाव ऐकेना. संध्याकाळी लाठीमार झाला, दगड आले, आणि सहाच्या सुमारास रूळ मोकळे झाले. शहरातली इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. पोलिसांनी शेकडो लोकांवर गुन्हे नोंदवले आणि सत्तरच्या वर लोकांना अटक केली.

गर्दीत काही फलक झळकले होते. तेव्हा सरकारची 'लाडकी बहीण' योजना नुकतीच सुरू झाली होती, आणि पैसे नकोत, लेकींना सुरक्षा द्या, असा त्या फलकांचा रोख होता. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी हे आंदोलन राजकीय हेतूने घडवलेलं आहे, माणसं बाहेरून आणली होती, असं सांगितलं. विरोधकांनी हा जनतेचा उद्रेक असल्याचं सांगितलं. झालं, वाहिन्यांना दोन बाजू मिळाल्या. पुढचे दोन दिवस चर्चा रंगली ती फलक कुणी छापले यावर. पालकांना इतके तास का बसवून ठेवलं, हा प्रश्न पडद्याच्या खालच्या पट्टीत गेला. खरं तर त्याचं उत्तर सरकारी कागदांतूनच बाहेर येत होतं: पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांसह तिघे निलंबित झाले, आणि शाळेतलं पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण गायब असल्याचं शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं.

त्याच दिवशी वार्तांकन करणाऱ्या एका स्थानिक महिला पत्रकाराला बदलापूरचे माजी नगराध्यक्ष वामन म्हात्रे यांनी अश्लाघ्य शब्द सुनावल्याची तक्रार झाली. म्हात्रे यांनी आरोप फेटाळला. गुन्हा मात्र नोंदला गेला. माध्यमांवर टीका करताना सरसकट 'माध्यमं' असं म्हणून चालत नाही, ते यासाठी. पोलीस ठाण्यात खेटे घालून आधीच्या दिवसांत ही बातमी जागती ठेवणारे लोक वेगळे होते आणि २० तारखेला ओबी व्हॅन घेऊन पोचलेले वेगळे. पहिल्यांना अपमान मिळाला, दुसऱ्यांना प्रेक्षक.

बातमीपेक्षाही वेगाने अफवा पळत होत्या. पीडित मुलीबद्दल खोटी माहिती समाजमाध्यमांवर पसरवल्याबद्दल एका तरुणीला अटक झाली. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, म्हणजे २०१२ च्या पॉक्सोच्या, कलम २३ नुसार मुलाची, कुटुंबाची, शाळेची, शेजाराची ओळख पटेल असा मजकूर छापायला किंवा दाखवायला मनाई आहे. तरीही पहिल्या दिवसापासून शाळेचं नाव आणि तिची कमान सगळीकडे दिसत होती. नाव मुलीचं घेतलं नाही की कायदा पाळला, अशी सोयीची समजूत सगळ्यांनी करून घेतली. लहान गावात शाळा कळली की घर कळायला फार वेळ लागत नाही.

२२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने विचारलेले प्रश्न साधे होते: गुन्हा नोंदवायला उशीर का, दुसऱ्या मुलीच्या कुटुंबाचा जबाब वेळेत का नाही, शाळेने पोलिसांना का कळवलं नाही? शाळांमधल्या सुरक्षेसाठी न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समितीही नेमली. वार्ताहराने पहिल्या दिवशी विचारावेत असे प्रश्न न्यायाधीशांना विचारावे लागले, यातच बरंच काही आलं.

सरकारने खटल्यासाठी विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांची नेमणूक जाहीर केली. त्याच वर्षी ते उत्तर मध्य मुंबईतून भाजपतर्फे लोकसभा लढून हरले होते, म्हणून विरोधकांनी आक्षेप घेतला. निकम हे माध्यमांनी घरोघरी पोचवलेलं नाव, आणि माध्यमांच्या भोळेपणाचा सर्वांत बोलका दाखलाही त्यांच्याशीच जोडलेला आहे. २६/११ च्या हल्ल्यातल्या कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितल्याची बातमी वर्षानुवर्षं देशभर फिरली, तिच्यावर नेत्यांनी भाषणं ठोकली. मार्च २०१५ मध्ये जयपूरला निकम यांनीच सांगून टाकलं की, कसाबने बिर्याणी मागितली नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूतीची लाट येऊ लागली म्हणून ती गोष्ट आपण रचली होती. बातमी खोटी ठरली, पण ती पडताळून न घेता छापणाऱ्या कुणाचं काही बिघडलं नाही. बिर्याणी आजही लोकांच्या तोंडी आहे.

मग २३ सप्टेंबर उजाडला. आरोपीला तळोजा तुरुंगातून पोलीस व्हॅनने नेलं जात होतं. त्याच्याविरुद्ध पूर्वीच्या पत्नीने केलेल्या दुसऱ्या एका तक्रारीचा तपास सुरू होता. संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ त्याने एका सहायक निरीक्षकाचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला आणि स्वसंरक्षणार्थ झाडलेल्या गोळीने तो मेला, असं पोलिसांनी सांगितलं. त्या रात्री बदलापुरात फटाके वाजले. मुंबईत गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हाती बंदूक दाखवणारे 'बदला पुरा' असे फलक लागले. २०१५ मध्ये गाजलेल्या एका हिंदी सूडपटाचं नाव याच गावावरून होतं. शीर्षक लिहिणाऱ्यांना आणि फलक रंगवणाऱ्यांना फार डोकं चालवावं लागलं नाही. ज्यांनी महिनाभर तत्काळ फाशी मागितली होती, ते विरोधक आता चकमकीवर शंका घेऊ लागले. ज्यांनी आंदोलनाला राजकीय म्हटलं होतं, ते आता जनभावनेचा हवाला देऊ लागले. दोन्ही बाजूंनी जागा बदलल्या, आणि वाहिन्यांचे चर्चेचे चौकोन तसेच राहिले.

या टाळ्यांमागे मुंबईच्या पत्रकारितेचा जुना वारसा आहे. नव्वदच्या दशकात टोळ्यांशी झालेल्या चकमकींनंतर किती मारले याचे आकडे अधिकाऱ्यांच्या नावापुढे पदवीसारखे छापले जात. 'एन्काऊंटर स्पेशालिस्ट' नावाची जमात अशीच जन्मली. पुढे २००४ मध्ये 'अब तक छप्पन'सारखा चित्रपटही आला. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या ९९ चकमकी आणि त्यांत गेलेले सुमारे १३५ जीव यांवरून एक याचिका सर्वोच्च न्यायालयात पोचली. तिच्या निकालात न्यायालयाने चकमकींबाबत नियम घालून दिले: स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, आणि लगेच शौर्यपदकं नाहीत. त्या निकालाची तारीख होती २३ सप्टेंबर २०१४. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला मुंब्र्याजवळ गोळी सुटली. त्याआधी सहाच महिने, मार्च २०२४ मध्ये, उच्च न्यायालयाने लखनभैया बनावट चकमकीत प्रदीप शर्मा या एकेकाळच्या लाडक्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली होती. त्या खंडपीठावरही न्यायमूर्ती मोहिते डेरे होत्या. मुंब्र्याला गोळी झाडणारे अधिकारी पूर्वी ठाण्यात शर्मांच्या हाताखाली काम केलेले. एवढं सगळं हाताशी असताना पहिल्या रात्रीच्या बहुतेक बातम्यांनी पोलिसांचं निवेदन हीच घटना मानली.

चकमकीनंतर दोन दिवसांनी उच्च न्यायालयाने विचारलं की, व्हॅनमध्ये एवढे पोलीस असताना एका माणसाला आवरता कसं आलं नाही, आणि गोळी हातापायावर न झाडता डोक्यात का? तोवर प्रेताचा प्रश्न उभा राहिला होता. बदलापूर, अंबरनाथ, कळवा, कुठेच दफनाला जागा मिळेना. लोकांनी विरोध केला. कुटुंबाला न्यायालयात जावं लागलं, आणि जागा शोधून द्यायची जबाबदारी पोलिसांवर आली. २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत खड्डा खणला गेला. बातमी फुटताच रहिवासी धावले, काहींनी खड्डा माती लोटून बुजवला. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं, खड्डा पुन्हा मोकळा केला आणि बंदोबस्तात दफन उरकलं. खटला चालून ज्याचा गुन्हा सिद्ध झाला असता किंवा झाला नसता, त्याच्या बाबतीत निकाल आधीच लागला होता, आणि तो इतका पक्का होता की मातीलाही त्याला जागा द्यायची नव्हती. त्यानंतर तीन दिवसांनी, २ ऑक्टोबरला, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव पकडले गेले. गुन्हा नोंदल्यापासून दीड महिना उलटला होता.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. ऑगस्टच्या मथळ्यांवर विसंबलेल्या माणसाने इथे सत्ताधाऱ्यांचा पराभव ठरवून टाकला असता. बदलापूर ज्या मुरबाड मतदारसंघात येतं तिथे भाजपचे किसन कथोरे पुन्हा निवडून आले. अंबरनाथमध्ये शिंदे यांच्या शिवसेनेचे बालाजी किणीकर, उल्हासनगरात भाजपचे कुमार आयलानी जिंकले. आयलानींनी हरवलं ते कलानींच्या मुलाला. कल्याण पूर्वमध्ये तुरुंगात असलेल्या गणपत गायकवाडांच्या पत्नी सुलभा निवडून आल्या, आणि पडलेल्यांत महेश गायकवाड होते. १९९५ मधलाच धडा पुन्हा मिळाला. मतदार संतापला नव्हता असा याचा अर्थ नाही. संताप चकमकीने शमला, योजनेच्या हप्त्याने निवला, की त्याच्या हिशोबात दुसऱ्याच गोष्टी वरचढ ठरल्या, हे गावोगाव फिरून तपासायचं काम होतं. मात्र निकालाची रात्र राज्याच्या आकड्यांत गेली.

२० जानेवारी २०२५ ला दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. आरोपीच्या मृत्यूला व्हॅनमधले पाच पोलीस जबाबदार आहेत, बळाचा वापर समर्थनीय नव्हता आणि पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नव्हते, असा त्याचा निष्कर्ष होता. ठाण्याच्या सत्र न्यायालयाने नंतर अहवालाचा काही भाग तात्पुरता स्थगित केला. फेब्रुवारीत मृताच्या आईवडिलांनी आपल्याला आता प्रकरण लढायचं नाही असं न्यायालयाला सांगितलं. तरी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पथक नेमायचं काम पोलीस महासंचालकांकडे सोपवलं. फटाके वाजवणारी गर्दी या तारखांना जमली नाही, आणि कॅमेरेही.

नुकसान कुणाचं झालं, ते पाहिलं की हा सगळा प्रवास नीट उलगडतो. दोन कुटुंबांना भर न्यायालयात आरोपीवर गुन्हा सिद्ध होताना पाहायला मिळालं नाही. आरोपी निर्दोष असता तर ते सिद्ध करायची संधी त्यालाही मिळाली नाही. कंत्राटदाराकडून आलेल्या माणसाला चिमुरड्यांपर्यंत कुणी पोचू दिलं, चित्रण कसं नाहीसं झालं, कुणाला काय माहीत होतं, याची उलटतपासणीत जशी चिरफाड होते तशी मुख्य आरोपीसमोर कधी झाली नाही. बातमीला शेवट मिळाला तो बंदुकीचा, आणि शेवट मिळालेल्या गोष्टीकडे प्रेक्षक परतत नाही.

जानेवारी २०२६ मधल्या एका छोट्या प्रसंगाने मात्र दुसरी बाजू दाखवली. दीर्घ खंडानंतर निवडणुका होऊन आलेल्या कुळगाव-बदलापूर नगरपालिकेत भाजपने स्वीकृत नगरसेवक म्हणून याच प्रकरणातल्या सहआरोपी संस्थाचालकाला घेतलं. बातमी छापून आली, टीका झाली आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. तिथे ना रेल रोको झाला, ना गोळी सुटली. कोण, कुठे, कोणत्या आरोपाखाली, आणि त्याला पद कुणी दिलं, एवढंच कुणीतरी तपासून लिहिलं होतं. १७ ऑगस्ट २०२४ ला पोलीस ठाण्याच्या नोंदवहीबद्दल अशीच एक बातमी राज्यभर गेली असती, तर २० तारखेला लोकांना रुळांवर उतरायची वेळ कदाचित आली नसती.